कपाळ तेलकट, गाल कोरडे!

उद्या सकाळी उठल्यावर तोंड धुण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करून पाहा. पतंगाचा पातळ कागद घ्या. त्याचे टपालाच्या तिकिटाएवढे पाच तुकडे कापा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक टाका. पहिला तुकडा कपाळाच्या मध्यभागी, दुसरा नाकावर, तिसरा हनुवटीवर आणि उरलेले दोन दोन्ही गालांवर कानाच्या बाजूला, असे एकामागून एक बोटाने हलकेच दाबून धरा. प्रत्येक वेळी मनातल्या मनात तीस आकडे मोजा. आता पाचही तुकडे खिडकीच्या उजेडासमोर धरा. बहुतेकांना असे दिसेल की, पहिल्या तीन तुकड्यांवर उजेड आरपार सोडणारे डाग पडले आहेत, आणि गालांवरचे दोन तुकडे मात्र जवळजवळ कोरेच आहेत.

हा डाग आरपार का दिसतो, हे आधी पाहू. कारण ही माझ्या विषयातली गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे. तंतूंच्या मधल्या फटींत हवा असते. हवेचा अपवर्तनांक १, तर तंतूंचा सुमारे दीड. प्रकाश हवेतून तंतूत आणि तंतूतून पुन्हा हवेत जाताना प्रत्येक सीमेवर थोडा परावर्तित होतो, थोडा वळतो आणि शेवटी चहूकडे विखुरला जातो. म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो. फटींत तेल शिरले की चित्र बदलते. तेलाचा अपवर्तनांकही दीडच्या जवळपास असल्यामुळे प्रकाशाच्या दृष्टीने तंतू आणि तेल यांच्यामधली सीमा जवळजवळ पुसली जाते आणि प्रकाश सरळ पार होतो. ज्याच्या नावाचा बर्नर तुमच्या प्रयोगशाळेत असतो त्या रॉबर्ट बुन्सेनने एकोणिसाव्या शतकात याच तेलकट डागाचा उपयोग करून दोन दिव्यांची तेजस्विता ताडून पाहण्याचे साधन बनवले होते. आजच्या त्वचाविज्ञानाच्या प्रयोगशाळांत चेहऱ्यावरचे तेल मोजण्याचे जे यंत्र असते, तेही याच तत्त्वावर चालते. धुरकट प्लॅस्टिकची एक फीत कातडीवर तीस सेकंद दाबायची आणि तिच्यातून आता किती अधिक प्रकाश जातो ते मोजायचे, एवढेच ते यंत्र करते. तेव्हा तुमचा पतंगाचा कागद काही अगदीच पोरखेळ नव्हे.

ज्यांच्या कागदांत असा फरक दिसतो त्यांच्या त्वचेला ‘संमिश्र त्वचा’ म्हणतात. हे कुठल्या रोगाचे नाव नाही. ते प्रसाधनांच्या व्यापारातून रूढ झाले आहे, आणि त्याच्या पाठोपाठ जाहिरातीत हटकून येणारे दुसरे वाक्य म्हणजे ‘तुमच्या त्वचेचा समतोल बिघडला आहे’. नववी-दहावीतल्या मुलामुलींना हे वाक्य फार लागते. म्हणून मुळात तिथे समतोल कसला असतो, हे तपासून पाहायला हवे.

आपल्या त्वचेत सूक्ष्म तैलग्रंथी असतात. केसाच्या मुळाला लागूनच त्या असतात आणि केसाच्याच वाटेने आपले तेल वर सोडतात. तळहात आणि तळपाय यांवर त्या अजिबात नसतात. हातापायांवर आणि धडाच्या बऱ्याच भागावर त्या विरळ असतात. कपाळावर मात्र एका चौरस सेंटिमीटरमध्ये चारशे ते नऊशे एवढी त्यांची दाटी असते. कपाळाचा आडवा पट्टा आणि त्याच्या मधून नाकावरून हनुवटीपर्यंत उतरणारा उभा पट्टा मिळून इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा जो आकार होतो, तो या दाट वस्तीचा नकाशा आहे. गाल म्हणजे गावाबाहेरची वस्ती! त्यामुळे कपाळ गालापेक्षा तेलकट असणे ही बिघाडाची खूण नसून रचनेचा परिणाम आहे. वयात येताना शरीरातील संप्रेरके या ग्रंथींना जोमाने कामाला लावतात आणि हा फरक डोळ्यांत भरू लागतो. चेहरा बदलतो तो नेमका याच वर्षांत, जेव्हा आरशासमोरचा वेळही वाढलेला असतो.

हे तेल असते तरी किती? तेलकट कपाळाच्या एका चौरस सेंटिमीटरवर ते साधारण २०० मायक्रोग्रॅम भरते. त्याची घनता एका घनसेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम धरा. भागाकार केलात तर थराची जाडी सुमारे २.२ मायक्रोमीटर येईल. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे ज्या तेलाने आपली झोप उडते त्याच्या थराची जाडी केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढी!

आता एक हौद डोळ्यांसमोर आणा. वरून नळ चालू आहे आणि खालून पाणी झिरपते आहे. जेवढे येते तेवढेच जात असेल तर पातळी स्थिर राहते. भौतिकशास्त्रात हिला आम्ही स्थिर अवस्था म्हणतो. हौदातले पाणी बादलीने उपसून टाकले तर पातळी खाली जाईल, पण नळ बंद होणार नाही. तोंड धुणे म्हणजे ही बादली. धुतल्यानंतर तीन-चार तासांत कपाळावरचा थर पुन्हा पूर्वीइतका होतो, कारण ग्रंथींचा वेग ठरतो तो मुख्यतः रक्तातल्या संप्रेरकांनी, तुमच्या साबणाने नव्हे. ‘जास्त धुतले की ग्रंथी चिडून जास्त तेल सोडतात’ असेही पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. त्यालाही भक्कम पुरावा नाही. जास्त धुण्याने नुकसान होते हे खरे, पण ते वेगळ्याच मार्गाने.

तो मार्ग समजण्यासाठी कोरड्या गालांकडे वळू. कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी असलेली त्वचा, असा आपला समज असतो. १९५२ साली अर्विन ब्लँक या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने पायाच्या घट्ट्याचे वाळलेले, कडक तुकडे घेतले. तेलात बुडवून ठेवले तरी ते कडकच राहिले. पाणी मिळताच मात्र ते मऊ आणि लवचीक झाले. कातडी मऊ ठेवते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी अडवून धरण्याचे! हाच प्रयोग तुम्हांला नखांवर करता येईल. नखे कापल्यावर निघालेल्या चंद्रकोरींपैकी दोन खोबरेल तेलात आणि दोन पाण्यात टाका. अर्ध्या तासाने वाकवून पाहा. नख आणि कातडीचा वरचा थर हे दोन्ही केरातिन नावाच्या प्रथिनाचेच बनलेले असल्याने निष्कर्ष लागू पडतो.

कातडीचा हा वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. मृत, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर विटांच्या भिंतीसारखे एकावर एक रचलेले असतात आणि विटांच्या मधल्या फटींत स्निग्ध द्रव्यांचा गिलावा असतो. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले ही त्यांतली प्रमुख. लक्षात घ्या, हा गिलावा ग्रंथींच्या तेलापासून निराळा आहे. तेल भिंतीवर ओघळणाऱ्या पाण्यासारखे वरून येते. गिलावा भिंतीच्या आत असतो आणि तो कातडीच्या पेशीच तयार करतात. हा गिलावा शाबूत असेल तर धडधाकट कातडीच्या एका चौरस मीटरमधून तासाला सुमारे ८ ग्रॅम पाणी नकळत उडून जाते. प्रौढ माणसाच्या कातडीचे क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरले तर दिवसाला हे पाणी सव्वातीनशे ग्रॅम भरते. यात घाम धरलेला नाही. गिलावा निघाला की ही गळती वाढते. शिवाय वरचा थर वाळून आकसू लागतो, पण खालचा ओला थर आकसत नाही. तळे आटल्यावर चिखलाला भेगा पडतात त्या याच ताणामुळे. साबणाने तोंड धुतल्यावर गाल ‘ताठ’ वाटतात आणि आपण समाधानाने म्हणतो, ‘स्वच्छ झाला चेहरा!’ तो ताठपणा स्वच्छतेचा नसून आकसण्याचा असतो.

हवामानाचा यात मोठा वाटा आहे. तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात संपृक्त बाष्पदाबाचे कोष्टक असेल तर ते काढा. कातडीच्या ३२ अंश सेल्सिअस तापमानाला हा दाब सुमारे ३५.७ मिलिमीटर आहे. कोकणात २८ अंशांना आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतील बाष्पदाब साधारण २२.७ मिलिमीटर होतो; म्हणजे फरक १३ मिलिमीटरचा. पठारावरच्या हिवाळ्यात १५ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर बाष्पदाब उरतो जेमतेम ५ मिलिमीटर आणि फरक होतो ३० मिलिमीटरहून अधिक. बाहेरच्या हवेची पाण्याला असलेली ओढ दुपटीहून अधिक वाढली! रत्नागिरीहून लातूरला शिकायला गेलेल्या मुलाचे गाल दिवाळीनंतर का उलतात, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. त्यात अंगावर पंखा भरधाव सोडून झोपलात, तर कातडीलगतची दमट हवेची पातळ चादरही उडून जाते.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. मागच्या हिवाळ्यात माझ्या अकरावीच्या प्रात्यक्षिकाला एक मुलगा सतत मागच्या टेबलाशी तोंड फिरवून उभा राहू लागला. केशनळीतल्या पाण्याची उंची मोजायला सूक्ष्मदर्शकाशी वाकायचे म्हटले तरी तो पुढे येईना. एकटा असताना विचारले तेव्हा म्हणाला, “सर, दिवसातून सहा-सहा वेळा तोंड धुतो, तरी कपाळ चकाकतंच. आणि आता गाल जळतात, उन्हात जाववत नाही.” कशाने धुतोस, असे विचारल्यावर कळले की, अंगाच्या साबणाने तेल ‘नीट निघत नाही’ म्हणून स्वारी वसतिगृहात कपड्यांची वडी वापरत होती!

मी त्याला त्याच्या दोन्ही साबणांचे तुकडे आणायला सांगितले. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून सामू दाखवणारे कागद मागून घेतले. सामू म्हणजे ज्याला आपण पीएच म्हणतो तो, सोरेन सोरेन्सनने १९०९ साली सुरू केलेला मापक. त्याची गंमत अशी की त्यात एकाचा फरक म्हणजे प्रत्यक्षात दहापटींचा फरक. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू पाचाच्या आसपास, साडेपाचापर्यंत असतो. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन वैद्यांनी या गुणधर्माला ‘आम्लाचे प्रावरण’ असे सुरेख नाव दिले. गिलावा तयार करणारी विकरे या आम्लधर्मी स्थितीतच नीट काम करतात. आमच्या कागदाने अंगाच्या साबणाच्या द्रावणाचा सामू साडेनऊच्या घरात दाखवला आणि वडीच्या द्रावणाचा त्याच्याही पुढे. साडेपाच आणि साडेनऊ यांत चारच अंकांचे अंतर. पण दहाचा चौथा घात म्हणजे दहा हजार! मुलाने स्वतःच हिशेब केला आणि कागदाकडे बघत राहिला.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमणारे आणि दुसरे तेलात रमणारे असते. तेलाच्या थेंबाभोवती असे अनेक रेणू डोके बाहेर काढून गोळा होतात आणि थेंबाला पाण्यात घेऊन जातात, हे तुम्ही शिकला आहात. पण वरचे तेल कोणते आणि विटांमधला गिलावा कोणता, हे त्या रेणूला कसे कळावे? कपाळावर तेलाचा थर असल्याने तिथे गिलाव्याला थोडे संरक्षण तरी मिळते. गालावर तेवढेही नाही. सहा वेळा धुण्याने कपाळाची पातळी दर वेळी तीन-चार तासांत भरून आली आणि गालांचा गिलावा मात्र भरायला उसंतच मिळाली नाही. आम्लाचे प्रावरण पूर्ववत व्हायलाही काही तास लागतात. एकाच उपायाने एका भागाला काही फायदा नाही आणि दुसऱ्या भागाचे नुकसान, असा हा प्रकार.

मग करायचे काय? सौम्य उपायच, आणि तेही थोडेच. दिवसातून दोनदा, आणि खूप घाम आला तर आणखी एकदा, कोमट किंवा साध्या पाण्याने चेहरा धुवावा. कढत पाणी नको. त्यात गिलाव्याची स्निग्ध द्रव्येही सैल होऊन निघतात. साबण वापरायचाच तर ‘सिंडेट’ म्हणून मिळणारी, खरे तर साबण नसलेली वडी किंवा तसलाच द्रव घ्यावा. त्याचा सामू साडेपाच ते सात यांच्या दरम्यान ठेवलेला असतो. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि तो कातडीवर बसतो. सिंडेटचा तसा होत नाही. साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ ७६ टक्के असे पाहून पुष्कळ लोक तो सौम्य समजतात. तो आकडा स्निग्धांशाचे प्रमाण सांगतो, सामू सांगत नाही. सिंडेट महाग पडत असेल तर सकाळी नुसत्या पाण्याने धुवावे आणि संध्याकाळी साबणाचा फेस फक्त ‘टी’च्या पट्ट्यावर लावून लगेच धुऊन टाकावा. यात काही बिघडत नाही.

धुतल्यावर टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्यावे आणि चेहरा किंचित ओला असतानाच गालांवर काहीतरी लावावे. मिळालेले पाणी अडवायची वेळ तीच असते. पेट्रोलियम जेली हे काम उत्तम करते. रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली तिचे एकस्व घेतले, आणि पाणी अडवण्यात तिच्या तोडीचे स्वस्त द्रव्य आजही शोधावेच लागेल. गालांवर अगदी पातळ थर पुरतो. कपाळाला व नाकाला ती लावण्याची गरज नसते. लागलेच तर तिथे पातळ, बिनतेलाचे लोशन पुरे. ग्लिसरीन पाणी ओढून धरते, पण कोरड्या हवेत निव्वळ ग्लिसरीन चोपडले तर ते पाणी हवेऐवजी तुमच्याच कातडीतून ओढते. म्हणून ते पुष्कळ पाण्यात मिसळून लावावे. कोकणातल्या पावसाळ्यात यातले काहीच न लावले तरी चालते. उन्हात खेळणाऱ्यांनी ऊन अडवणारे मलम आणि टोपी वापरावी. डोक्याला चपचपीत तेल लावून झोपणाऱ्यांनी मात्र एक तपासावे: ते तेल रात्री कपाळावर उतरते, आणि केसांच्या कडेने येणाऱ्या मुरुमांचे ते एक जुने, ओळखीचे कारण आहे.

घरगुती उपायांबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. मुलतानी मातीचे कण अतिसूक्ष्म, त्यामुळे त्यांच्यामधल्या फटीही सूक्ष्म. केशाकर्षणाने त्या तेल शोषून घेतात. माती कपाळाला आणि नाकाला आठवड्यातून एखादे वेळी लावली तर हरकत नाही, पण गालांवर ती पाणीही शोषते. शिवाय भेगा पडेपर्यंत वाळू देणे म्हणजे वर सांगितलेला ताण हौसेने ओढवून घेणे होय. लिंबाचा सामू दोनाच्या थोडा वर असतो. कातडीच्या मानाने ते हजारपटींहून अधिक आम्लधर्मी झाले. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्येही असतात की ती अंगावर असताना ऊन लागले तर फोड येतात आणि काळे डाग राहतात. खाण्याचा सोडा याच्या उलट दिशेने चुकतो. ‘नैसर्गिक’ या शब्दाने सामू बदलत नाही.

त्या मुलाच्या दप्तरात आणखी एक वस्तू निघाली. मित्राने दिलेली, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली एक ट्यूब. बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल असे लिहिले होते. हे तीव्र स्टेरॉइड आहे. वैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक आजारांत, ठरावीक दिवस ते मोलाचे औषध आहे. चेहरा उजळावा म्हणून लावले तर पहिले काही दिवस लाली जाऊन चेहरा छान दिसतो आणि तिथेच माणूस फसतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे वाढतात आणि ट्यूब थांबवली की आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला, तरी ती हातोहात फिरताना दिसतात. मी भौतिकशास्त्राचा माणूस. सामूपर्यंत माझी धाव. ट्यूब पाहिल्यावर मी त्याला सरळ रुग्णालयातल्या त्वचाविभागात घेऊन गेलो. तुमच्याजवळ अशी ट्यूब असेल, किंवा मुरुमे दुखरी, खोल, व्रण ठेवणारी असतील, तर तुम्हीही तेच करा आणि ट्यूब बरोबर न्या. ती एकदम बंद करायची की हळूहळू, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

कातडीचे पदर तळापासून वरपर्यंत नवे व्हायला चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे आज बदल करून परवा आरशात निकाल पाहायला जाऊ नये. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख लिहून ठेवा. दोन बदल एकदम केले तर कशाचा गुण आला ते कळणार नाही. आमच्या मुलाचे गाल महिनाभरात भरून आले; मुरुमांना औषधाने आणखी काही महिने लागले. कपाळ अजूनही चकाकते. दुपारी तो एक टिपकागद हलकेच दाबतो आणि वर्गात येतो.

शिक्षकांसाठी एक विनंती. साबणाच्या द्रावणांचे सामू, नखांचा प्रयोग आणि बाष्पदाबाची वजाबाकी या तिन्ही गोष्टी एका तासिकेत वर्गात करून दाखवण्यासारख्या आहेत. पतंगाच्या कागदाचा प्रयोग मात्र ज्याचा त्याने घरी करावा. वर्गात दाखवायचाच तर खोबरेल तेलाचा थेंब घ्या, नाहीतर स्वतःचे कपाळ वापरा. कुठल्याही मुलाचा चेहरा फळ्यासमोर उभा करू नका.